मुठीत मावेल एवढं: नेत्सुके, त्यांचे शौकीन आणि माझा उंदीर

पागोळी

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात जपानला जाणं झालं. क्योटोत एका देवळाच्या आवारात जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरला होता. तिथे एका आजोबांच्या चादरीवर, गंजकी कुलपं आणि कडा उडालेल्या चहाच्या वाट्या यांच्या मधे हा कोरीव उंदीर बसला होता. लांबी चार सेंटीमीटर. रंग जुन्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखा पिवळट. शेपूट पोटाखालून वळवून पुढच्या दोन्ही पायांत अशी घट्ट धरलीय, की कुणी पळवूनच नेईल. हातात घेतला आणि खाली ठेवता येईना. आजोबा 'एदो, एदो' (जपानचा सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातला काळ) म्हणत बोटांवर शतकं मोजून दाखवत होते. किंमत लिहीत नाही, आमच्या घरातले एक मूक वाचक इथे रोज येतात.

घरी आल्यावर वाचत सुटले. या वस्तूला म्हणतात नेत्सुके. 'ने' म्हणजे मूळ आणि 'त्सुके' म्हणजे जोडणं, अडकवणं. हे दागिने नव्हेत, देव नव्हेत, खेळणीही नव्हेत. मुळात हा एक गोटा आहे, दोरी अडकवायचा.

किमोनोला खिसा नसतो. बाह्यांच्या झोळात थोडंफार मावतं, पण तंबाखूचा बटवा, औषधांची डबी, पैशांची पिशवी, दौत-लेखणी हे सगळं ठेवायचं कुठे? आपल्या आज्यापणज्यांनी पैसे कनवटीला लावले आणि चंची कमरेला खोचली. जपानी पुरुष या वस्तू दोरीने ओबीला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, लटकवत. दोरीचं एक टोक डबीला, दुसरं या गोट्याला. दोरी पट्ट्याखालून सरकवून वर काढायची. गोटा पट्ट्याच्या वरच्या काठावर अडकून बसतो आणि डबी खाली लोंबते. मधे दोरीवर एक मणी असतो, त्याला ओजिमे म्हणतात. तो खाली सरकवला की डबीचे कप्पे घट्ट मिटतात. डबीचं नाव इन्रो. एकावर एक बसणारे तीन, चार, पाच कप्पे, वर लाखेचं काम. आधी त्यात शिक्का आणि शाई ठेवत, पुढे औषधं.

एवढ्याशा गोट्यावर किती अटी असाव्यात! रेशीम ओढलं जाऊ नये म्हणून कुठलंही टोक बाहेर आलेलं चालत नाही. डबीचं वजन पेललं पाहिजे. पोटाखालची बाजूही पाठीइतकीच नीट कोरलेली हवी, कारण हाताळताना ती दिसते. दोरीच्या भोकांनी चित्र बिघडायला नको. माझ्या उंदराने शेपूट का आवळून धरलीय ते तेव्हा कळलं. मोकळी सोडली असती तर ती पहिल्याच महिन्यात मोडली असती.

तर प्रश्न असा, की हा खरा आहे का? ओळखायचं कसं? आणि इथे कुणाला याचा नाद आहे का?

---

बारभाई

मस्त लेख, वाचनखूण साठवलीय. पण फोटो कुठेत?

---

पागोळी

टाकले होते हो. दिसत नसतील तर रात्री पुन्हा चढवते.

---

शंकासुर

लेख चांगला आहे, पण एक बाळबोध शंका. हे मुळात बटण. बटणाचं कोरीव काम कितीही सुंदर असलं तरी त्यापायी लोक लाखो रुपये मोजतात हे पटत नाही. ज्याचा उपयोग संपला त्याचं कौतुक वाढतं, तसलाच प्रकार दिसतोय. (ह. घ्या.)

---

थेम्सकाठ

शंकासुर, हलके घेतले, पण उत्तर जरा जड आहे. 'लाखो' म्हणालात ते कमीच. २०११ साली लंडनमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात अठराव्या शतकातला हस्तिदंती झिपरा कुत्रा अडीच लाख पौंडांच्या वर गेला. कुत्रा मुठीत मावणाराच.

उपयोग संपल्यावर कौतुक वाढले, हे मात्र तुमचे खरे आहे. १८६८ नंतर, मेइजी बादशहाच्या काळात, जपानी पुरुष पाश्चात्त्य कपडे घालू लागले. विजारीला खिसे आले. तंबाखूच्या बटव्याऐवजी सिगारेटचे पाकीट आले. दोन पिढ्यांत नेत्सुकेचे काम संपले आणि घरोघरी फडताळात पडलेले ढीग विकायला निघाले. नेमके तेव्हाच युरोपात जपानी वस्तूंचे वेड शिगेला होते. पॅरिस आणि लंडनच्या दुकानदारांनी ते मुठीमुठीने उचलले. सुरुवातीला ते फार महागही नव्हते.

त्या काळच्या एका संग्रहाची हकीकत सांगण्यासारखी आहे. शार्ल एफ्रुसी हा पॅरिसमधला धनाढ्य, चित्रकारांचा मित्र. त्याने १८७०च्या दशकात २६४ नेत्सुके एकगठ्ठा घेतले. १८९९मध्ये व्हिएन्नातल्या चुलतभावाच्या लग्नात त्याने ते आहेर म्हणून पाठवून दिले. तिथल्या हवेलीत मुले त्यांच्याशी खेळत वाढली. १९३८मध्ये नाझी आले आणि ज्यू घराण्याचे सगळे लुटून नेले. त्या कुटुंबात सांगितले जाते, की घरातल्या मोलकरणीने रोज दोन-चार नेत्सुके एप्रनच्या खिशात घालून आपल्या खोलीत नेले आणि गादीत लपवले. मोठी चित्रे गेली, पुस्तके गेली, हे २६४ वाचले. खिसा नसलेल्यांसाठी घडवलेली वस्तू, आणि ती वाचवली कुणाच्या तरी खिशाने! युद्धानंतर ते तोक्योला गेले, मग लंडनला आले, आणि आता त्यांतले बरेचसे व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

---

शंकासुर

हे माहीत नव्हतं. गादीत लपवता येण्याजोगं असणं हाही एक गुण म्हणायचा तर. पुढचं सांगा, मी बसलोय.

---

नागोयाकर

उशिरा आलो. आधी एक कुरापत. जपानी लोक मधला उकार जवळजवळ गिळतात. कानाला 'नेत्स्के' ऐकू येतं. मराठीत 'नेत्सुके' लिहायला हरकत नाही, पण दुकानात तसं ठासून म्हणालात तर समोरचा आधी नम्रपणे हसतो.

सात वर्षं इथे आहे. मुळात जे वेड आहे ते एदो काळातल्या शहरांचं. व्यापाऱ्याकडे पैसा मुबलक, पण समाजात तो सामुराई, शेतकरी, कारागीर या सगळ्यांच्या खाली. त्याने काय ल्यावं, काय नेसावं यावर सरकारी निर्बंध. भपका करायची सोय नाही, तर मग अंगरखा साधा आणि अस्तर भारी रेशमाचं. नेत्सुके त्याच जातकुळीतला. कमरेला बोटभर वस्तू, बघणाऱ्याला दिसली तर दिसली. ज्याला कळतं त्यालाच कळावं असा श्रीमंतीचा तोरा.

कारागिरांची नावं आपल्याला कळतात ती ओसाकाच्या इनाबा त्सूऱ्यू नावाच्या माणसामुळे. १७८१ साली त्याने तलवारींच्या साजावर ग्रंथ छापला आणि त्यात नेत्सुके कोरणाऱ्या पन्नासच्या वर लोकांची नोंद केली, काहींची चित्रंही दिली. त्यात क्योटोचा तोमोतादा आहे. बसलेले बैल ही त्याची खासियत. गंमत म्हणजे त्याच्या बैलांच्या नकला खूप होतात ही तक्रार त्याच ग्रंथात आहे. म्हणजे पागोळीताई, नकलेचा धंदा अडीचशे वर्षं जुना आहे. आज तोमोतादाची सही असलेले जेवढे बैल बाजारात आहेत तेवढे त्याने कोरले असते तर बिचाऱ्याला जेवायला वेळ मिळाला नसता.

सहीवर जाऊ नका, हेच सगळे जाणकार सांगतात. उलट त्या ग्रंथात पहिल्या मानाचा जो योशिमुरा शूझान, त्याने आपल्या कामावर सह्याच केल्या नाहीत. मऊ लाकडावर रंग चढवलेले त्याचे राक्षस आणि अद्भुत प्राणी. आता 'शूझान' अशी सही असलेला नमुना कुणी दाखवला तर काय समजायचं ते समजा.

आमच्या नागोयाचा तामेताका त्याच यादीत आहे. आणि इथून गाडीने अडीच तासांवर ताकायामा, तिथला मात्सुदा सुकेनागा. तो एकोणिसाव्या शतकातला. यू नावाच्या झाडाचं लाकूड, त्याला जपानीत इचीई म्हणतात. रंग नाही, पॉलिश नाही, सुरीचे काप दिसतील असे ठेवायचे. लाकूड हाताळून हाताळून वर्षागणिक लालसर गडद होत जातं. ताकायामात आजही त्या धाटणीचं काम होतं. मी एक बेडूक घेतलाय. नवा आहे, कुणी शंभर वर्षं वापरला की जुना होईल.

---

मनीमोहोर

किती छान धागा! माझं कलेतलं ज्ञान शून्य, पण यातल्या गोष्टींसाठी मी वेडी आहे. दोन-तीन सांगते, आपल्याशी जुळणाऱ्या.

माकड आणि मगर आठवतं ना? 'अगं, काळीज तर मी झाडावरच विसरलो!' तीच गोष्ट जपानात पोचलीय. समुद्रातल्या नागराजाच्या राणीला बरं करायला माकडाचं काळीज हवं असतं. माकडाला पाठीवर घेऊन येतो तो कधी कासव, कधी जेलीफिश. वाटेत हा बेत माकडाजवळ बोलून टाकला म्हणून जेलीफिशला इतकं बडवतात की त्याची हाडंच जातात, आणि म्हणून त्याला आजही हाडं नसतात! नेत्सुकेत माकड आणि ऑक्टोपसची झटापट वारंवार दिसते ती याच गोष्टीच्या कुळातली. आठ पाय माकडाभोवती गुंडाळलेले, माकडाने हात आखडलेला. कुठलंही टोक बाहेर नाही! पागोळीने लिहिलेली अट गोष्टीनेच पाळलीय.

दुसरी म्हणजे हत्ती आणि आंधळे. हीसुद्धा आपलीच. एका हत्तीवर मुंग्यांसारखे चढलेले चिमुकले आंधळे, कुणी सोंडेला लोंबकळतोय, कुणी कानाला. हत्ती मात्र साखरझोपेत असल्यासारखा.

आणि तो दारुमा, म्हणजे आपला बोधिधर्म. दक्षिणेतून चीनला गेलेला, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेला. देवळात तो गंभीर असतो. नेत्सुकेत तो जांभया देतो, हातपाय ताणून आळस देतो! एवढ्या मोठ्या साधकाची एवढी प्रेमळ थट्टा पाहून मला आपले संत आणि विठोबा यांची भांडणं आठवतात.

पागोळी, तुझ्या उंदराचा देव कोण माहितेय? गणपती नव्हे! जपानात उंदीर हा दाइकोकूचा दूत. दाइकोकू म्हणजे महाकाल. आपल्याकडचा उग्र महाकाल तिथे जाऊन तांदळाच्या पोत्यांवर बसलेला गुबगुबीत, हसरा देव झाला. पोती आली म्हणजे उंदीर आलेच. शिवाय बारा वर्षांच्या चक्रात पहिला मान उंदराचा. उंदराच्या वर्षी जन्मलेले लोक तसला नेत्सुके बाळगत.

---

पागोळी

मनीमोहोर, हे वाचून उंदराला समोर बसवून पुन्हा नीट पाहिलं. महाकालाचा दूत! आता त्याच्याशी जपून बोलावं लागणार.

---

सुतारपक्षी

पेशाने लाकूडवाला आहे, म्हणून तेवढंच बोलतो.

नेत्सुके म्हटलं की सगळे हस्तिदंत म्हणतात. माझ्या मते खरी मजा लाकडात. सगळ्यात लाडकं लाकूड त्सुगे, म्हणजे बॉक्सवुड. वाढ अत्यंत सावकाश, त्यामुळे रेषा बारीक आणि काप लोण्यासारखा. उंदराचा एकेक केस कोरता येतो तो यातच. सागात करून बघा, केसाऐवजी चिपळ्या निघतील.

एक युक्ती वाचून मी दोन दिवस कार्यशाळेत घालवले. उकिबोरी म्हणतात. बेडकाच्या पाठीवरच्या पुळ्या उठवायच्या आहेत. तुम्ही-आम्ही काय करू? आजूबाजूचं लाकूड खणत बसू. हे लोक बोथट हत्याराने लाकूड जागोजागी खाली दाबतात. मग वरचा सगळा थर त्या दबलेल्या पातळीपर्यंत तासून टाकतात. पृष्ठभाग सपाट झाला, की गरम पाणी लावतात. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि पुळ्या आपोआप वर येतात! लाकडाकडून काम करून घ्यायचं. मी शिसवीवर केलं, काहीच उठलं नाही. शेवरीवर केलं, सगळंच उठलं.

बाकी साहित्य म्हणाल तर सांबराचं शिंग, अक्रोडाचं कवच, चिनी माती, लाख, काळं पोवळं. रानडुकराचा सुळासुद्धा. सुळ्याचं काम समुद्रकाठच्या इवामी प्रांतातलं, आजच्या शिमानेचा पश्चिम भाग. तिथला तोमिहारू हा आद्य कारागीर, आणि त्याची मुलगी बुन्शोजो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या नेत्सुके कोरणाऱ्यांत बाईचं नाव जवळपास नाहीच, ही एक ठसठशीत. डुकराच्या सुळ्यावर कोळी, गोगलगाय, बेडूक असली मंडळी आणि शेजारी अक्षरं इतकी बारीक की भिंग लागतं. सुळ्याचा आकार आहे तसा ठेवून त्याच्यावर कोळी बसवायचा. जे हातात आलं त्यातून चित्र शोधायचं.

हस्तिदंतातही तसंच. शामिसेन वाद्याच्या मोठ्या नखीसाठी दाताचे तुकडे कापले, की त्रिकोणी छाट उरायचे. जुने बरेच हस्तिदंती नेत्सुके तिकोनी असतात ते त्यामुळे, असं सांगतात. कापड शिवून झाल्यावर चिंध्यांची गोधडी होते तसा हिशेब.

---

नागोयाकर

सुतारपक्षी, शेवरीवाली ओळ वाचून चहा सांडला.

हत्तीवरून आठवलं. दात कोरणाऱ्यांनी हत्ती पाहिलाच नव्हता. दात यायचे डच आणि चिनी जहाजांतून नागासाकीला. १७२८ मध्ये शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) योशिमुनेसाठी व्हिएतनामकडून हत्तीची जोडी आणली. मादी नागासाकीतच मेली. नर १७२९ मध्ये तिथून एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत, चालत गेला. रस्त्याच्या दुतर्फा माणसं. वाटेत क्योटोत बादशहासमोर नेलं. ज्या पिढीने तो पाहिला तिने पाहिला, बाकीच्यांनी ऐकीव माहितीवर कोरला. म्हणून नेत्सुकेतल्या काही हत्तींचे डोळे माणसासारखे असतात आणि कातडी चादरीसारखी.

---

अडकित्ता

इथवर छान चाललंय, पण पागोळी यांचा मूळ प्रश्न बाजूलाच पडलाय. खरा की खोटा?

मी पानाचे जुने अडकित्ते जमवतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात लहानपणी पाहिले तेव्हापासूनचा रोग. नेत्सुके माझ्याकडे तीनच, पण फसलोय सातदा, म्हणून अधिकारवाणीने सांगतो.

पहिलं, भोकं बघा. त्यांना हिमोतोशी म्हणतात. खऱ्या वापरातल्या नेत्सुकेत बहुधा एक भोक मोठं आणि एक लहान असतं. दोरीची गाठ मोठ्या भोकात आत लपते. आणि भोकाच्या कडा दोरीने घासून गुळगुळीत झालेल्या असतात. दोन्ही भोकं सारखी आणि धारदार कडांची असतील तर शंका घ्या. कधी कधी वेगळी भोकं नसतातच, पाय आणि शेपूट यांच्यातल्या फटीतूनच दोरी जाते. ते चलाख काम.

दुसरं, झीज बघा. हाताळल्याने उंच भाग झिजतो, खोल भाग नाही. नाक, कान, पाठीचा कणा गुळगुळीत आणि पायांमधली रेष ताजी, असं हवं. नकलेत सगळं एकसारखं झिजलेलं असतं, किंवा खोलगट भागांत चहासारखा तपकिरी रंग मुद्दाम भरलेला असतो.

तिसरं, हस्तिदंताची स्वतःची रेघ. आडवा काप दिसत असेल तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हत्तीच्या दातात त्यांचा कोन ११५ अंशांच्या वर, मॅमथच्या दातात ९० च्या खाली. सैबेरियात बर्फाखालून निघालेल्या मॅमथच्या दातांचंही आता नेत्सुके करतात. हाडात ही जाळी नसते, काळे ठिपके आणि बारीक खाचा दिसतात. राळ किंवा प्लास्टिकमध्ये काहीच नसतं, फार तर हवेचे बुडबुडे. आणि कुठे तरी, शेपटीच्या खाली, कानामागे, साच्याचा सांधा.

गरम सुई टोचून बघायचा सल्ला बरेच जण देतात. कृपा करून नको. खरा असेल तर तुम्ही दोनशे वर्षांच्या वस्तूला डाग दिलात.

आता गंभीर भाग. उंदीर खरा हस्तिदंती असेल तर तो देशात आणणं हाच गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी दाताचाही. जपानात देशांतर्गत विक्री अजून कायदेशीर आहे, त्यामुळे तिथे चादरीवर मिळतो म्हणजे इथे चालतो असं नाही. सीमा ओलांडायची तर परवाने लागतात.

---

थेम्सकाठ

अडकित्ता यांना पुस्ती. ब्रिटनमध्ये २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२पासून लागू आहे. ज्यात दात दहा टक्क्यांहून कमी, अशा १९४७पूर्वीच्या वस्तूंना सूट मिळते. नेत्सुके अख्खाच दाताचा, म्हणून ती सूट त्याला नाही. १९१८पूर्वीचा आणि असाधारण मोलाचा ठरला तरच प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या संग्राहकांची विचित्र कोंडी झाली आहे. ठेवता येते, मुलांना देता येते, विकता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजींकडे चौदा आहेत. त्या म्हणतात, बरे झाले, आता ही माझ्यासाठीच उरली, किमतीसाठी नाही.

लाकडी कामाची मागणी मात्र वाढली आहे. सुतारपक्षी खूश होतील.

---

शंकासुर

हत्ती मारून बटण केलं, हे मनाला डाचतंच आहे. कौतुक आणि खंत एकाच मुठीत. आणि तरी मी काल रात्री दोन तास संग्रहालयांची चित्रं बघत होतो. एका वाळक्या माशाचा नेत्सुके पाहिला. डोळे खोल गेलेले, खवले सुकलेले, सुंगटांच्या बाजारात टांगलेला असतो तसा. ज्याने कोरला त्याने राजाराणी सोडून सुकट निवडली, या एका गोष्टीसाठी आधीचे शब्द मागे घेतो.

---

मनीमोहोर

शंकासुर विरघळले! धाग्याला शंभर गुण.

---

पागोळी

मंडळी, निकाल.

अडकित्ता यांचा प्रतिसाद वाचल्यावर दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले, सासऱ्यांचं स्टँपांचं भिंग घेतलं. भोकं दोन्ही एकसारखी, जणू एकाच गिरमिटाने पाडलेली. जाळी नाही, ठिपके नाहीत. मग उलटा केला आणि डाव्या कानामागून एक रेष निघाली. ती पाठीवरून, शेपटीखालून, उजव्या कानामागे जाऊन पुन्हा पहिल्या जागी आली. उंदीर दोन अर्धांचा आहे. साच्यातला. राळेचा.

पाच मिनिटं वाईट वाटलं. मग कायद्याचा परिच्छेद आठवला आणि एवढं बरं वाटलं की चहा टाकला. हत्ती मेला नाही, मी तुरुंगात नाही. 'एदो' म्हणणारे आजोबा मात्र मोठे नट निघाले.

विचित्र गोष्ट अशी, की आवडतो तो अजूनही तेवढाच. ज्या कुणी मूळ उंदीर कोरला, ज्यावरून हा साचा घेतला, त्याने शेपटीची पकड अशी काही केलीय की दोन साच्यांतून आणि एका फसवणुकीतून ती शाबूत पोचलीय.

---

सुतारपक्षी

ताई, मला मोजमाप आणि चारही बाजूंचे फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बॉक्सवुड मिळणं कठीण आहे, पण हळदू आहे माझ्याकडे, रेषा बारीक असते. वचन देत नाही. शेपूट मोडेल पहिल्या दोन-तीनदा.

---

नागोयाकर

पुढच्या वेळी जपानात आलात तर बाजाराआधी दोन जागा. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो यांच्या संग्रहाची खोली आहे, बहुतेक आधुनिक कारागिरांचं काम. आणि क्योटोत मिबू भागात जुन्या सामुराई घरात नेत्सुकेचंच संग्रहालय आहे, २००७ मध्ये सुरू झालेलं. काचेआड असल्याने हात लावता येत नाही, हे मात्र छळ आहे. ही वस्तू डोळ्यांनी अर्धीच दिसते. माझ्या बेडकाची खरी ओळख त्याच्या पोटाची, आणि ती अंगठ्याला झाली.

बाकी नेत्सुके संपलाय असंही नाही. साध्या मोबाइलच्या जमान्यात इथे प्रत्येकाच्या फोनला दोरी आणि दोरीला लोंबणारं काहीतरी असायचं. तीच जुनी सवय. देवळात मिळणारे लोंबते ताईत लोक अजूनही नेत्सुके म्हणूनच मागतात. मग फोनला दोरी ओवायची भोकंच नाहीशी झाली. म्हणजे खिशाने एकदा मारलं, फोन कंपन्यांनी दुसऱ्यांदा.

---

थेम्सकाठ

ज्यांच्याकडे खरे, कायदेशीर, वारशाने आलेले हस्तिदंती असतील त्यांच्यासाठी एक व्यवहाराची सूचना. दात कोरड्या हवेत तडकतो. दिव्याच्या उष्णतेजवळ, हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका. जुने संग्राहक काचेच्या कपाटात एका कोपऱ्यात पाण्याची लहान वाटी ठेवतात, आतला ओलावा टिकावा म्हणून. वाटीतले पाणी आटत आले की भरायचे. आणि अधूनमधून हातात घ्या. हाताचा स्पर्श त्यांना मानवतो.

---

अडकित्ता

वाटीची युक्ती मुंबईत नको हं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या वाटीत पाणी आपणहून वाढतं.

---

पागोळी

मी काल उत्साहात वाटी ठेवली होती. आज सकाळी आठवलं की हा राळेचा आहे. पाणी मनीप्लांटला घातलं. उंदीर किल्ल्यांना लावलाय, आणि घरातल्या मूक वाचकांनी पहिल्यांदाच विचारलं, 'हा केवढ्याला पडला?'

---

बारभाई

फोटो अजून दिसत नाहीत.